सोमवारचं वजन

माझ्या सासूला मी सहा महिने कण्या खाऊ घातल्या. सुरुवातीला डॉक्टरच्या सांगण्यावरून, आणि शेवटचे सात आठवडे निव्वळ दुष्टाव्यानं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला बिचारी सून समजून वाचायला नको.

कण्या म्हणजे ज्वारी जाडीभरडी दळायची, पाण्यात मीठ टाकून शिजवायची आणि वर ताक ओतायचं. चिखलीच्या आमच्या घरात त्या माझ्या लग्नाच्या दुसऱ्या सकाळपासून होत्या, पण फक्त माझ्यासाठी. मी अंगानं भरलेली होते. माप ओलांडून आत येताना सासू शेजारणींना ऐकू जाईल अशी बोलली, "आता उंबरठा रुंद करा लागते." बायका हसल्या. नवी होते, म्हणून मीही हसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात तर्रीपोहे आले आणि माझ्यासमोर पोचे आलेल्या जर्मनच्या ताटलीत कण्या. "तुह्या अंगाले हेच मानवते," ती म्हणाली. पुढं अकरा वर्षं मला तेच मानवलं.

दिवस गेले होते तेव्हा सातव्या महिन्यात मी एकदा तूप मागितलं. सासूनं तुपाचा डबा खालच्या फळीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. "पोट भरून खाल्लं तं पोर मोठं होते, मंग निघता निघत नाही. बारीक राह्यलं का बाळंतपण सोपं जाते." आमच्याकडच्या म्हाताऱ्या हे खरंच मानायच्या, तिनं काही मनचं काढलं नव्हतं. पण सांगताना तिला गोड वाटत होतं, ते मला दिसत होतं. मुलगी पावणेदोन किलोची झाली. सतरा दिवस काचेच्या पेटीत होती. बाळंतपण मात्र सोपं गेलं.

मुलगी जगली, शिकली, लग्न होऊन अकोल्याला गेली. मधल्या काळात मी काही फार बोलले नाही. राग कणगीत भरून ठेवला तर त्याला कीड लागत नाही, एवढं मला कळलं.

मग सासूचे गुडघे गेले. अंगण ओलांडायला तिला भिंत लागायची, संडासात बसवायला मी लागायची. बुलडाण्याच्या डॉक्टरनं गुडघ्यांचे फोटो पाहिले, तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "शहाऐंशी किलो. एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. दहा किलो उतरवा. शहात्तर झालं की लगेच या, आठवड्यात ऑपरेशन करू. सहा आठवड्यांत आजी चालतील." माझा नवरा मान डोलावत होता. मी काट्यावरचा आकडा पाहत होते. उंबरठा आठवत होता.

सासूला चालायचं होतं ते एकाच गोष्टीसाठी. तिची मोठी बहीण अमडापूरला. लकव्यानं खाटेला खिळलेली, वाचा गेलेली. तिच्या घराला पाच उंच दगडी पायऱ्या. दोन वर्षं दोघींची भेट नव्हती. नवरा म्हणायचा, "चाल ना मा, खुर्चीवर उचलून नेतो." ती म्हणायची, "उचलून मेलेलं माणूस नेतात. मी माह्या पायानं चढीन." रोज दुपारी फोन लावायची. पलीकडून नुसता हुंकार यायचा. ही त्या हुंकाराशी तासभर बोलायची आणि शेवटी दर वेळी तेच, "थांब वं बाई, माहं वजन उतरून राह्यलं. येतेच मी."

वजन उतरवायचं तर सकाळचं खाणं बदला, असं प्रत्येक जण सांगायला लागला. सकाळी उठल्याबरोबर दोन कचोऱ्या, वर चहा, चहात खारी बुडवून, असा सासूचा नाश्ता. पुण्याच्या नणंदेनं ओट्सचे डबे पाठवले आणि व्हिडिओ कॉलवर कसे शिजवायचे ते दाखवलं. सासूनं एक चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली, "भिंतीले कागद चिकटवाची खळ हाय हे." शेजारणीनं गरम पाण्यात लिंबू-मध सांगितलं. चार दिवसांत सासूच्या छातीत जळजळ सुरू झाली. शेवटी दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमकडे गेलो. तिनं छापील कागद दिला.

तो कागद मी परतीच्या रिक्षात वाचला. मुगाचं धिरडं होतं. भाज्या घालून दलिया होता. उकडलेलं अंडं होतं, मोडाची मटकी होती. यातलं कुठलंही एक, असं वर लिहिलं होतं. सगळ्यात खाली होतं, ज्वारीचा जाड रवा पाण्यात शिजवून, एक वाटी, पातळ ताकासोबत, तेल-तूप नाही.

मी ती ओळ चारदा वाचली. शेजारी सासू पेंगत होती आणि मला रिक्षात हसू आवरेना. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. निवड माझ्यावर होती, आणि मी निवड केली.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जर्मनची ताटली काढली, घासली आणि तिच्यात कण्या वाढून सासूसमोर ठेवल्या. तिनं ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय वं?"

"डॉक्टरनं लेहून देलं, आत्याबाई. तुमच्या अंगाले मानवते."

तिनं ताटली जवळ ओढली. खाल्लं. मी त्याच वेळी गॅसवर तर्रीला फोडणी दिली. त्या दिवशी घरात तर्री कोणाला नको होती, माझ्या नवऱ्यालाही नाही. तरी दिली.

दर सोमवारी वजन करायचं ठरलं. नणंदेनं आकडे दाखवणारा काटा पाठवला होता. सासू खिडकीचे गज धरून त्यावर उभी राहायची. पोटामुळं तिला खालचं दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आकडे तिला येतच नव्हते. "किती वं?" असं ती खिडकीबाहेर पाहत विचारायची आणि मी वाकून वाचायची. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. तेव्हा मी खरं वाचत होते, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते. बाजू तेवढीच आहे.

साडेचार महिन्यांनी एका सोमवारी काट्यावर शहात्तरच्या जरा खालचा आकडा आला. मी वाकलेलीच होते. तोंड उघडलं होतं सांगायला. शेजारीण चहाला बसली होती. तिच्याकडे पाहून सासू काट्यावरूनच म्हणाली, "माही सून लय गुणाची. जलमभर सोताचं वजन नाही उतरवता आलं तिले, पण माहं उतरवलं पाय." शेजारीण हसली. कपातला चहा बशीत सांडला तिच्या. माप ओलांडताना हसल्या होत्या त्या बायकांत ही होती, आणि हसणंही तेच होतं.

"किती वं?" सासूनं विचारलं.

"एकोणऐंशी," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी खरं सांगून टाकू, असं मी ठरवलं होतं. आठवड्यानं काय बिघडतं. पण पुढच्या सोमवारी ती गज धरून उभी राहिली, निकालाला उभी असलेल्या पोरीसारखी, आणि तिच्या मानेची शीर उडताना मला दिसली. माझ्या घासाघासावर जिची नजर असायची, ती आता माझ्या तोंडातून एक आकडा निघायची वाट पाहत होती. मी थोडा वेळ वाकूनच राहिले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, "परत एकोणऐंशी. चोरून काय खाल्लं तुम्ही?"

"काईच नाई. माह्या बहिणीची आन."

"मंग काटा खोटा बोलते का?"

तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती ताटलीतल्या अर्ध्या कण्या ठेवू लागली. संध्याकाळची पोळी सोडली. "चोळी ढिली होऊन राह्यली वं," असं एकदा म्हणाली. "धुऊन धुऊन झाली," मी सांगितलं. तिनं ते मानलं. स्वतःच्या अंगापेक्षा तिचा काट्यावर जास्त विश्वास होता. वाचणारीवरही होता, हे माझ्या लक्षात यायला उशीर लागला. दुपारी फोनवर ती सांगायची, "थांब वं, जराशीक राह्यलं आता. दोन-तीन किलो." मी आत भांडी लावत ऐकायची. दया आली का म्हणाल तर नाही आली. मला बरं वाटत होतं. पंचवीस-तीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. नवऱ्यानं एकदा विचारलं, "अडकलं काऊन मायचं वजन?" मी म्हणाले, "वय झालं त्यांचं." तो पाइप-मोटारीच्या दुकानावर निघून गेला.

सात सोमवार असे गेले. आठव्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी अमडापूरहून फोन आला. मोठी बहीण गेली होती.

गाडीत सासू समोरच्या सीटवर बसली होती. मी मागं बसून बोटांवर सोमवार मोजत होते. पहिल्या सोमवारी मी खरं वाचलं असतं तर आठवड्यात ऑपरेशन, पुढं सहा आठवडे. आज ही काठी टेकत त्या पायऱ्या चढली असती. कदाचित एक-दोन दिवस आधीच चढली असती, बहीण हुंकार देत होती तोवर. पुन्हा पुन्हा मोजलं, तेवढेच आले.

अंगणात माणसं होती. नवऱ्यानं खुर्ची आणा म्हटलं, चार जण पुढं झाले. तेवढ्यात बहिणीचा मुलगा बाहेर आला. बाजारात पोती उचलण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. "खुर्ची कायले," म्हणत त्यानं मावशीच्या गुडघ्यांखाली आणि पाठीमागं हात घातला आणि लेकरासारखी उचलली. दोन पायऱ्या चढला आणि थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "तू तं सत्तर-बहात्तरची राह्यली फक्त. आजारी हायेस का?"

त्याच्या मनात काही नव्हतं. दिवसभर पोती उचलणाऱ्याला काट्याची गरज लागत नाही, हातच सांगतात. सासूचं तोंड त्याच्या खांद्यावरून मागं, माझ्याकडे होतं. मी खालच्या पायरीवर तिच्या चपला हातात घेऊन उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कितपत दिसलं असेल माहीत नाही, पण मी मान खाली घातली आणि तिला पाहिजे ते कळलं. मग तो उरलेल्या तीन पायऱ्या चढून तिला आत घेऊन गेला.

आत ती रडली नाही. बहिणीचे पाय चेपत बसली. एकदाच म्हणाली, "आली वं मी. उचलून आली."

त्या सोमवारी सकाळी तिनंच मला हाक मारली. काटा खिडकीपाशी ओढून ठेवला होता, गज धरले होते.

"किती वं?"

"बहात्तर."

ती काट्यावरून उतरली नाही. "शहात्तर कधी झालं होतं?"

"सात सोमवार झाले त्याले."

माझ्याजवळ उत्तरं तयार होती. रात्रभर तयार केली होती. वरच्या फळीवरचा तुपाचा डबा, काचेची पेटी, अकरा वर्षं. तिनं शिवी दिली असती तर एकेक काढून तोंडावर मारणार होते. ती नुसती काट्यावरून उतरली. भिंत धरून पलंगापर्यंत गेली, बसली, दम घेतला.

"पोराले सांगू नको," ती म्हणाली. "तो तुले हाकलून देईन. मंग माह्या कण्या कोण शिजवीन?"

ऑपरेशनला तिनं नाही म्हटलं. नवऱ्यानं हात जोडले, नणंद पुण्याहून येऊन रडून गेली. सगळ्यांना एकच उत्तर. "कुठी जा लागते मले आता?"

कण्या मात्र चालू आहेत. त्याच ताटलीत लागतात. अर्धी वाटी खाते आणि ताटली सरकवते. मी मुगाचं धिरडं करून पाहिलं, वर तूप सोडलं. गाडीवरून गरम कचोरी आणली, तिच्या नाकाखाली फोडून ठेवली. मी खाली बसून म्हणाले, "आत्याबाई, पाया पडते, एक घास खा." तिनं ताटली बोटानं मागं ढकलली आणि म्हणाली, "माह्या अंगाले मानवत नाही." शेजारीण आली की तिच्यासमोर माझी तारीफ करते, सून अशी पाहिजे, पथ्यात एक दिवस चुकत नाही. शेजारीण आता हसत नाही. सासूच्या हातांकडे पाहते आणि लवकर उठते.

आणि सोमवार चुकत नाही. आता तिला गज धरायची फारशी गरज पडत नाही. पोट राहिलं नाही, मान वाकवली तर काटा दिसेल, पण ती बाहेरच पाहते आणि मला वाकायला लावते. सत्तर. अडुसष्ट. पासष्ट. गेल्या सोमवारी मी वाकले आणि आकडा दोनदा वाचून पाहिला. नवरा दारात उभा होता.

"किती वं?"

"चौसष्ट," मी म्हणाले.

ती हसली. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

"आता खोटं सांगून तुले काय भेटते? खरं वाच."

मी परत वाकले आणि खरं वाचलं. एकसष्ट.