फराळ जेवणात धरायचा का?

इंदूमावशी औषध नुसतं विकत घेत नसत. आधी त्याची उलटतपासणी घेत. पिपरी मेघेतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायची, गोळ्यांची पट्टी उजेडात धरायची आणि मागे कितीही गिऱ्हाइकं खोळंबली असली तरी निवांत सुरुवात करायची, "भाऊ, एक इचारू का?" नको म्हणायची सोय नव्हती. एकदा मी नको म्हटलं, तर त्यांनी दोन विचारले.

मावशी मूळच्या अल्लीपूरच्या. नवरा गेल्यावर शेत मक्त्यानं देऊन मुलाकडे, प्रशांतकडे राहायला आल्या आणि इथे आल्याआल्या बीपी निघालं. डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या: मीठ कमी, अर्धा तास चालणं आणि रोज एक गोळी, कायमची. डॉक्टरांना जास्त बोलायला वेळ नव्हता. मला वेळ होता आणि, कबूल करतो, जीभही जरा जास्तच होती.

"मीठ कमी म्हंजे लोणच्यातलं बी धरायचं का?"

"धरायचं, मावशी."

"ते त मुरलं ना आता. मुरल्यावर काऊन धरायचं?"

मुरलेलं मीठही मीठच असतं हे पटवायला मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात त्यांनी दुसरा मोर्चा उघडला. "अन् शेंदेलोण? ते त उपासाले चालते, देवाले चालते. मंग बीपीले काऊन नाई?"

"देवाले बीपी नाई, मावशी."

दुकान हसलं. मावशी पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसल्या. पण त्या दिवसापासून घरातलं शेंदेलोणही अर्ध्यावर आलं. हा त्यांचा स्वभावच होता. निकाल लागेपर्यंत हुज्जत घालायची, आणि निकाल लागला की तो अक्षरशः पाळायचा. चालण्याचंही तसंच. देवळाच्या फेऱ्या चालण्यात धरायच्या का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, धरा, पण नमस्काराला थांबाल तेवढा वेळ वजा करा. मग मावशी न थांबताच हात जोडायला लागल्या. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणाल्या, "मेडिकलवाल्या भाऊनं सांगतलं हाये. देव काई राग मानत नाई."

ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. आपल्या शब्दाला केवढं वजन आहे, याचा मला मोठा गर्व. आता माझ्या शब्दाची लायकीही सांगून टाकतो. एकदा मी कानात टाकायचे थेंब डोळ्यात टाका म्हणून सांगितलं होतं. माणूस दारातूनच शंका येऊन परत फिरला म्हणून वाचला. त्यावरही मी वर्षभर विनोद केले.

मावशींच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी मोठ्या अक्षरात लिहायचो, 'जेवणानंतर'. डॉक्टरांनी तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्या गोळीचा आणि जेवणाचा काडीचा संबंध नव्हता. पोट भरलेलं असो की रिकामं, ती रोज ठरल्या वेळी जायला हवी होती, एवढंच. पण जेवण माणूस विसरत नाही, म्हणून गोळी जेवणाला बांधून द्यायची ही माझी सवय. इंदूमावशी सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या करतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पाकिटावर लिहिताना ध्यानात येणं वेगळं.

एका गुरुवारी भर गर्दीत त्यांनी विचारलं, "भाऊ, साबुदान्याची उसळ खाल्ली त ते जेवणात धरायचं का?"

इथे मी एक प्रश्न उलट विचारायला हवा होता: मावशी, हे काऊन विचारून राह्यल्या? पण समोर सात-आठ माणसं होती आणि मला वाक्य सुचलं होतं. "मावशी, उसळ जेवणात धरली त मंग तुमच्या उपासाले उपास कोन म्हणन?"

माणसं खदखदली. मावशी हसल्या, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बराबर हाये. फराळ म्हंजे जेवण नोहे." निकाल लागला होता.

त्यानंतर महिन्याच्या गोळ्या त्यांना दीड महिना पुरायला लागल्या. हे माझ्या नजरेला आलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आलं होतं. "काऊन मावशी, गोळ्या पेरून पीक घेऊन राह्यल्या का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाई भाऊ, तुमी सांगतलं तशाच घेऊन राह्यली." मी खूश होऊन पुढची पट्टी दिली.

नवरात्रात रोज भगर आणि शेंगदाण्याची आमटी, म्हणजे रोजच गोळी नाही. आठव्या माळेला सकाळी घटासाठी फुलं ओवताना त्यांचा उजवा हात थांबला. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. दवाखान्यात बीपी मोजणाऱ्या नर्सनं यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं.

संध्याकाळी प्रशांत दुकानात आला. "काका, डॉक्टर इचारून राह्यले, गोळ्या बंद केल्या होत्या का म्हणून. मी म्हणलो, बंद कायच्या, फक्त उपासाच्या दिवशी नाई घेत. फराळ जेवणात धरत नाई ना. आईले तुमीच सांगतलं होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, गंमत केली होती म्हणालो असतो. तो सरकारी नियम सांगावा तसं सांगत होता. मी 'हो' म्हणालो आणि त्यानं मागितलेल्या वस्तू पिशवीत भरून दिल्या.

तीन आठवड्यांनी मावशींना घरी आणलं. नाकात नळी. मी भेटायला गेलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळखलं की नाही कळलं नाही, आणि खरं सांगतो, ओळखलं नसावं अशीच माझी इच्छा होती. प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, नळीतून दूध अन् पेज देतो. ते जेवणात धरायचं का? म्हंजे गोळी कवा द्यायची ते समजन."

"गोळी रोज ठरल्या टायमाले द्यायची, प्रशांत. उपास असो, काई असो. जेवणाचा अन् तिचा संबंध नाई."

"आता बदललं का ते?"

एवढं मोठं दार त्यानं उघडून दिलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो. आता बदललं."

संक्रांतीच्या आधी मावशी गेल्या. तेरवीला प्रशांतनं मला पहिल्याच पंगतीत बसवलं आणि अल्लीपूरच्या नातेवाइकांना ओळख करून दिली: "हे मेडिकलवाले काका. आईचा डॉक्टरपेक्षा यांच्यावर भरोसा होता. इतकं समजावून कोन सांगते आजकाल?" एका म्हाताऱ्यानं जेवता जेवता मला नमस्कार केला. प्रशांतनं आग्रहानं वाढलं आणि मी ते खाल्लं.

आता मी पाकिटावर लिहितो, 'रोज. उपास असला तरी.' गिऱ्हाइकं म्हणतात, एवढं समजते आमाले. मी म्हणतो, मले नव्हतं समजत. ते हसतात, माझी जुनी ख्याती आहे ना.

प्रशांत अजून माझ्याकडूनच औषधं नेतो. आता त्यालाही बीपीची गोळी लागली आहे आणि तो सगळं मलाच विचारून घेतो. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तो वाचणाऱ्यांतला नाही. म्हणून तर लिहायची हिंमत झाली.