खुर्च्यावाले नाना

मंडपवाल्या नानांना बिबट्या कोणता आणि तरस कोणता, हे शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. तरी चोपडा गावात वन्यप्राण्यांसाठी बैठक व्हायची ती त्यांच्याच गोदामात, आणि जाणकार यायचे तेही त्यांच्याच शब्दावर. मी बिबट्यांच्या अभ्यासात अर्धं आयुष्य घातलेलं. पण माझा फोन गेला की गुरांचे डॉक्टर "बघतो" म्हणायचे, आणि नानांचा गेला की गाडी काढायचे. मला याचा जळफळाट व्हायचा. अजून होतो.

नाना भाड्याच्या खुर्च्या गोल मांडत आणि उभे राहत. "मी नाना. माले जनावरं समजतस नही, खुर्च्या समजतस." मग एकेकाची ओळख. तीत पदव्या नसायच्या. ज्याला जे येत नाही, तेच सांगायचं. "या डॉक्टर. यासले गुरं समजतस, पन जंगल समजत नही. या वनपालसाहेब. यासले जंगल समजस, पन शेतकरीसंगे बोलता येत नही." सगळे हसायचे आणि ज्याला ज्याची गरज, तो त्याच्याकडे खुर्ची सरकवायचा. असली कल्पना मला का सुचली नाही, या विचाराने मी चहासुद्धा धड पीत नसे.

माझी पाळी आली की नाना म्हणत, "या सर. यासले बठ्ठं समजस." सगळं समजणारा म्हटल्यावर सुरुवातीला मी सुखावलो. मग लक्षात आलं की माझ्याकडे कुणीच खुर्ची सरकवत नाही. एकदा चिडून विचारलं, "माझ्यात काहीच कमी नाही का, नाना?"

"शे ना," ते म्हणाले, "पन ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं नाही. पुढे नाना मुलीकडे सुरतला राहायला गेले. जाताना गोदामाची किल्ली माझ्या हातात ठेवली, तेव्हा वाईट वाटलं आणि मनातल्या मनात, खरं सांगतो, हायसंही वाटलं.

गेल्या हिवाळ्यात शेतकरी किसनभाऊंच्या केळीच्या बागेत कापणी चालू असताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. ती उचलली तर आई चवताळणार. जागेवर ठेवून माणसं लांब राहिली तर ती घेऊन जाणार. त्यासाठी डॉक्टर, वनपाल आणि किसनभाऊ, तिघांचं संध्याकाळच्या आत जमायला हवं होतं. मी खुर्च्या गोल मांडल्या आणि नानांसारखीच ओळख करून दिली. वनपालांचा चेहरा पडला. "आम्हाला काय येत नाही ते ऐकायला बोलावलं का?" म्हणत ते उठले. डॉक्टरही उठले. केळी न्यायला आलेला ट्रक बाहेर हॉर्न वाजवत होता.

तेव्हा मी म्हणालो, "मी सर. मला माणसं जमवता येत नाहीत. नानांना यायची, म्हणून मी त्यांच्यावर जळतो."

कुणी हसलं नाही. वनपाल परत बसले. किसनभाऊंनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "मंग सर, कापणी कितला दिन थांबाडू?"

रात्रीत आई पिल्लं घेऊन गेली. सकाळी केळीच्या बागेत तिचे ठसे तेवढे मातीत उमटलेले दिसले. वनपालांचे डोळे भरून आले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यात आधी नानांना लावला.

मी शेजारीच उभा होतो.