एक्केचाळीस क्लिपांचा वैद्य

वैद्य पहिल्यांदा ताईच्या घरी आले तेव्हा दारातून आधी त्यांची पिशवी आत आली. मग पोट आलं. मग सगळ्या घराने श्वास रोखून वाट पाहिली आणि यथावकाश वैद्य आले. पिशवी टेकताच खालच्या आजोबांनी छताला काठी ठोकली, असं ताई आजही सांगते. खाली कुणी आजोबा राहत नाहीत, एवढंच सांगत नाही.

हे वैद्य कॉम्प्युटरचे. डब्यावर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पंख्याची घरघर ऐकायचे. नाव गल्लीने दिलेलं. खरं नाव त्यांच्या वीजबिलावर असावं.

"कधीपासून त्रास?"

"सोमवारपासून. कुठल्या तरी क्लिपा उघडल्या की एडिटिंगचं सॉफ्टवेअर धाडकन बंद पडतं."

"खाणं काय?"

"माझं?"

"ह्याचं. नवीन काय घातलंत?"

ताईने सांगितलं. सॉफ्टवेअर तीनदा काढून तीनदा घातलं होतं.

"म्हणजे जुलाब देऊन झाले," वैद्य म्हणाले.

तो दिवस गुरुवारचा होता. ताईचे बाबा अडतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढून शनिवारी निवृत्त होणार होते. लोकांच्या वाढदिवसांच्या फिल्मा करून पोट भरणारी ताई निरोपसमारंभासाठी बाबांची फिल्म करत होती. बाबा कॅमेऱ्यासमोर आयुष्यात एकदाच हसले होते, आणि ते हसू सॉफ्टवेअर बंद पाडणाऱ्या क्लिपांत होतं. ते नसतं तर ती फिल्म पंपाची झाली असती.

वैद्यांचा एक नियम होता: रोग्याला स्वतः हात लावायचा नाही, घरच्यांनीच लावायचा. ते खुर्चीत बसून फर्मावत. "निम्म्या क्लिपा ह्या फोल्डरात, निम्म्या त्या. आता उघडा. पडलं? ह्यातल्या परत निम्म्या करा." ताईने दुपारभर निम्म्याचे निम्मे केले. सॉफ्टवेअर चौदा वेळा पडलं. वैद्य दर वेळी समाधानाने "छान" म्हणाले. पाचच्या सुमारास दोषी क्लिपा वेगळ्या निघाल्या. एक्केचाळीस. सगळ्या काकांनी काढलेल्या.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नव्या फोनचे मालक. त्यांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, सत्काराला आल्यासारखे.

"काका, ह्या फायलींना काही केलंत का?" वैद्यांनी विचारलं.

"केलं तर! ताई म्हणाली होती, नावाच्या शेवटी एमपी-फोर पाहिजे. माझ्या फोनमध्ये भलतंच होतं. मी एकेकाचं शेपूट बदललं. एक्केचाळीस वेळा. चष्मा लावून."

ताईने कपाळाला हात लावला.

"काका," वैद्य शांतपणे म्हणाले, "मिठाच्या बरणीवर तुम्ही साखर लिहिलंत. हे बिचारं चिठ्ठी वाचून विश्वासाने चमचा तोंडात घालतं आणि कोसळतं."

"पण चूक एकही नाही ना केली?"

"एकही नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बदललीत."

"बघ, ताई," काका म्हणाले.

मग जुनी शेपटं परत लावायची, क्लिपांच्या प्रती काढायच्या आणि त्या प्रती ताईच्या सॉफ्टवेअरला पचतील अशा रूपात बदलून घ्यायच्या, असा उपचार ठरला. शेपटं काकांनीच लावली, कारण वैद्यांच्या मते हात त्यांचा बसला होता. शुक्रवारी दुपारी शेवटची क्लिप उघडली तरी सॉफ्टवेअर उभं होतं. ताई दहा मिनिटं माउसला हात लावायला घाबरत होती.

सतराव्या क्लिपमध्ये बाबा होते. पंप सुरू होईना. बाबांनी त्याच्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, जरा ऐकलं आणि एका जागी पान्याने टोला हाणला. पंप सुरू झाला. बाबा हसले.

वैद्यांनी ती क्लिप तीनदा लावायला सांगितली. चौथ्या वेळी नियम मोडून माउस स्वतःच घेतला.

"ह्यांना भेटायला हवं," ते म्हणाले.

"उद्या या ना समारंभाला."

वैद्य आले, पिशवी घेऊनच, आणि शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या अडवून बसले. ताईच्या बाबांच्या साहेबांनी पंचावन्न मिनिटं भाषण केलं. नंतर फिल्म लागली. ती एकदाही अडखळली नाही. चार मिनिटांनी हॉलची वेळ संपली म्हणून ती मध्येच थांबवून दिवे लावले.

फिल्ममध्ये बाबा सातव्या मिनिटाला हसत होते.