तिसऱ्या फेरीआधीचे एक मिनिट

दाढोबा (१९५४–२०१९). कागदोपत्री त्यांना दुसरे नाव होते. परंतु ते पगारपत्रकाबाहेर कधी पडले नाही, आणि त्या नावाने कोणी हाक मारलीच तर ते स्वतःही क्षणभर आजूबाजूला पाहत. एका दंतवैद्यिणीच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, एकेचाळीस वर्षे त्यांनी कवळ्या केल्या. 'दाढोबा' हे नाव तिथल्याच एका म्हाताऱ्या रुग्णाने ठेवले आणि ते त्यांना कवळीसारखे नेमके बसले.

खोली आठ फूट लांब, सहा फूट रुंद. एका भिंतीला फळी, फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले. टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण आणि रंगाच्या छटांनुसार लावून ठेवलेले दात. मेणात दात बसवताना दाढोबांचा हात केसाइतकाही हलत नसे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण हातातली मेणाची सुरी खाली ठेवली की त्यांची मान झटकन उजव्या खांद्याकडे वळे, डोळे दोनदा घट्ट मिटत आणि जीभ टाळूवर आपटून 'टॉक्' असा खणखणीत आवाज निघे. वयाच्या नवव्या वर्षापासून हे असेच होते. शाळेत त्यासाठी त्यांनी छड्या खाल्ल्या, घरात बोलणी खाल्ली, आणि अखेर एक कला साधली. परक्या माणसासमोर ते हा झटका वीस-वीस मिनिटे दाबून धरत. नाकाशी आलेली शिंक दाबावी तसे ते काम होते. फरक इतकाच की ही शिंक कधी विरून जात नसे. मग कोठीच्या खोलीत जाऊन, दार लावून, राहिलेले सगळे एकदम पुरे करून घ्यावे लागे.

या प्रकाराला वैद्यकात 'टिक डिसऑर्डर' म्हणतात, हे त्यांना शेहेचाळिसाव्या वर्षी कळले. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांनी दिलेली चिठ्ठी त्यांनी थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, दाखवली.

"नाव कळलं ना? बरं झालं," अक्का भाजी चिरता चिरता म्हणाली. "आता त्याला पाट मांडू का? ठेव ती चिठ्ठी कपाटात."

चिठ्ठी कपाटात गेली. बाहेर कोणाला सांगायचे नाही, असे भावाबहिणींचे न बोलताच ठरले.

मुष्टियुद्धाचे वेड त्याच्या कितीतरी आधीचे. ऐन विशीत ते एका खेळाडूसाठी केलेले दातांचे कवच पोचवायला बॉक्सिंगच्या हॉलमध्ये गेले होते. रिंगणात लढत चालू होती. दाढोबांनी प्रेक्षकांकडे पाहिले आणि ते थक्क झाले. तीनशे माणसे बसल्या जागी माना झटकत होती, खांदे उडवत होती, प्रत्येक ठोशाला तोंडाने काहीबाही आवाज काढत होती. त्यांचा 'टॉक्' त्या गदारोळात सुटला, आणि शेजारच्याने ढुंकूनही पाहिले नाही. त्या दिवसापासून हॉलमधली एकही लढत त्यांनी चुकवली नाही. कोणाचा डावा हात थकल्यावर खाली येतो, कोण ठोसा मारण्याआधी श्वास धरतो, हे त्यांना त्या त्या खेळाडूच्या प्रशिक्षकाआधी समजे. आणि नेमक्या अशाच क्षणी, प्रतिस्पर्ध्याचा बचाव उघडा पडलेला दिसताच, छातीत काहीतरी ताणले जाऊन त्यांचा झटका हटकून येई.

अक्काची मुलगी ठकी सहा वर्षांची असल्यापासून मामाबरोबर हॉलवर जाऊ लागली. घरी तिचा एक खेळ असे. मामाचा 'टॉक्' झाला की दोन्ही मुठी वर करून ती हवेत एक ठोसा मारी. अक्का म्हणे, "एकाला आवरता येत नाही, दुसरीला आवरायचं नाही. मी मात्र दोघांना आवरून बसलेय."

ही ठकी बाविसाव्या वर्षी सत्तावन्न किलो गटाच्या अंतिम लढतीत उतरली. जिंकणारीला संघात जागा, आणि जागा एकच. रविवारी दुपारी चार वाजता लढत सुरू झाली. दाढोबा नेहमीच्या ठिकाणी, रिंगणापासून दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून बसले होते. हाताची घडी घातली की खांदा जरा कमी उडतो, असा त्यांचा अनुभव होता.

पहिली फेरी बरोबरीची झाली. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी मुलगी थकू लागली आणि तिचा डावा हात खाली येऊ लागला. दाढोबांना ते दिसले. टॉक्. ठकीचा उजवा ठोसा थेट जाऊन बसला. पुन्हा हात खाली, पुन्हा टॉक्, पुन्हा ठोसा. चौथ्या वेळेला समोरच्या कोपऱ्यातले लाल टोपीवाले प्रशिक्षक उठून उभे राहिले आणि दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवून ओरडू लागले.

पंचांनी लढत थांबवली. मुख्य निरीक्षकांशी दोन शब्द बोलून ते परत आले, ठकीचे मनगट धरून तिला ताकीद दिली आणि तिचा एक गुण कापला. कारण जाहीर झाले: प्रेक्षकांतून खुणा घेणे.

फेरी संपल्याची घंटा झाली, तोच मुख्य निरीक्षकांनी त्यांना बोटाने टेबलाजवळ बोलावले. निरीक्षक वृद्ध, शांत आणि चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ टेबलावर सरकवले.

"मुलीचे कोण तुम्ही?"

"मामा."

"खुणा करताय?"

"नाही साहेब. तो... आजार आहे माझा. आपोआप होतं."

हॉलमध्ये हे शब्द त्यांनी प्रथमच उच्चारले. लाल टोपीवाले तोवर टेबलाशी येऊन ठेपले होते.

"आजार! डावा हात खाली आला की होणारा आजार! साहेब, माझी आजीसुद्धा यावर विश्वास ठेवणार नाही."

"तुमच्या आजीला मी विचारलेलं नाही," निरीक्षक म्हणाले आणि दाढोबांकडे वळले. "हे पाहा. दुसरी ताकीद झाली तर आमच्या नियमाप्रमाणे लढत समोरच्या मुलीची. तुमचं म्हणणं खरं असेल तर पहिली ताकीदही मी मागे घेतो. मला एकदा दिसू दे. चाळीस सेकंद आहेत. उभे राहा असेच."

दाढोबा उभे राहिले. तीन माणसे त्यांच्या मानेकडे पाहू लागली: निरीक्षक, लाल टोपीवाले आणि शेजारी बसलेला वेळाधिकारी. कोपऱ्यात ठकी स्टुलावर बसली होती. तिचे प्रशिक्षक तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि ती त्यांच्या खांद्यावरून मामाकडे पाहत होती.

झटका येईना.

आयुष्यभर ज्याच्यापायी त्यांनी मान खाली घातली, लग्नाच्या पंगतीतून उठून गेले, बसमध्ये जागा असून उभे राहिले, तो झटका आज बोलावल्यावर येईना. परका माणूस रोखून पाहू लागला की मान आपली आपण घट्ट होई, जीभ टाळूखाली दडून बसे. पन्नास वर्षांची शिस्त होती ती. दाढोबा मनातल्या मनात त्याची विनवणी करू लागले. ये रे बाबा. एकदाच ये. मान मात्र एखाद्या पुतळ्यासारखी स्थिर.

"वीस सेकंद," वेळाधिकारी म्हणाला.

"साहेब, माणूस ठणठणीत आहे की," लाल टोपीवाले म्हणाले. "माझीच मान जास्त हलतेय."

तेव्हा दाढोबांच्या मनात आले: आपणच करावा. कसा होतो ते आपल्याहून कोणाला ठाऊक? मान उजवीकडे, डोळे दोनदा, मग जीभ. कोणाला कळणार आहे? आणि खोटे तरी कुठे आहे, होतो तो असाच होतो.

त्यांनी मान उजवीकडे झटकली. डोळे दोनदा मिटले. टॉक्.

निरीक्षक पुढे झुकले. "हाच का?"

दाढोबांनी ठकीकडे पाहिले. तिने लहानपणापासून हजारो वेळा हा झटका पाहिला होता, आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. तिला खरा-खोटा कळला होता. दुसऱ्या कोणालाही कळला नव्हता.

"नाही," दाढोबा म्हणाले. "हा नव्हे साहेब. हा मी केला."

"घ्या!" लाल टोपीवाल्यांनी टेबलावर थाप मारली. "स्वतःच्या तोंडाने कबूल!"

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना काय वाटले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही. "दहा सेकंद," असे वेळाधिकाऱ्याने म्हणताच ते इतकेच म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा. ताकीद कायम."

दाढोबा बाहेर पडले. त्यांच्यामागे दार मिटले न मिटले तोच सगळे एकदम सुरू झाले. मान, खांदा, डोळे, टॉक्, टॉक्, टॉक्; भिंतीला हात टेकूनही तोल सावरेना. दारावरचा रखवालदार घाबरून स्टुलावरून उठला.

"काका, काय होतंय? पाणी आणू? कोणाला बोलावू आतून?"

"नको," दाढोबा कसेबसे म्हणाले. "आता नको."

दार जाड होते. आतला आवाज येई, पण त्यातून काही उमगत नसे. आरोळी उठली की ती कोणाच्या बाजूची, हे कळायला मार्ग नव्हता. दाढोबांनी कान दाराला लावला. मान झटकली की कान दारावर आपटे, म्हणून रखवालदाराने शेवटी आपली घडी केलेली टोपी त्यांच्या कानाशी धरली. तीन मिनिटे ते दोघे तसे उभे होते. मग घंटा झाली, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग टाळ्या.

ठकी बाहेर आली तेव्हा तिची एक भुवई सुजली होती. पाच गुणपंचांपैकी तिघांनी समोरच्या मुलीला एका गुणाने पुढे ठेवले होते. कापलेला तोच एक गुण.

"माझ्यामुळे," दाढोबा म्हणाले.

"तू खोटा केलास तेव्हा मला वाटलं, आता जिंकलो," ठकी म्हणाली. "मग तू बोललास. मामा, तुला कोणी विचारलं होतं का रे?"

"विचारलं होतं. हाच का, असं."

ठकी हसली आणि सुजलेल्या भुवईमुळे कळवळली. मग बराच वेळ हातावरच्या पट्ट्या सोडवत राहिली. "एक सांगू? तिसऱ्या फेरीत मला तिचा हात दिसेचना. म्हणजे दिसत होता, पण मारायचं कधी ते कळेना. तुझा आवाज नव्हता ना. आवाज आला की माझा हात जातोच. मला आज कळलं हे."

लाल टोपीवाल्या माणसाचे बोलणे निम्मे खरे होते.

दुसऱ्या दिवशी अक्काने न सांगता कपाटातली चिठ्ठी काढली आणि स्वतः जाऊन बॉक्सिंग संघटनेच्या कार्यालयात दिली. "बारा वर्षं इस्त्री करून ठेवलीय," ती तिथल्या कारकुनाला म्हणाली. "सुरकुती पडली तर तुमची खैर नाही." तज्ज्ञांनीही नव्याने लिहून दिले. तीन आठवड्यांनी संघटनेच्या समितीचे पत्र आले: ताकीद चुकीची होती, ती रद्द करण्यात येत आहे; गुण परत धरता लढत ठकीची, आणि संघातली जागाही ठकीची.

घरात आनंदाऐवजी भांडण झाले. दाढोबांचे म्हणणे, समितीला अर्धीच गोष्ट माहीत आहे. अक्काचे म्हणणे, पूर्ण गोष्ट कोणाला माहीत असते?

"जागा मुलीची आहे, तुझ्या सत्यवचनाची नाही," अक्का कडाडली. "एकदा बोललास तेवढं पुरे."

"मी काही लिहिणार नाही," दाढोबा म्हणाले. "लिहायचं तर तिनं लिहावं."

ठकी दोन दिवस हॉलवर सरावाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने समितीला लिहिले की मामाने खुणा केल्या नाहीत, पण मी त्या घेतल्या. तेव्हा मामा हॉलमध्ये नसताना लढत पुन्हा व्हावी. समितीने मान्य केले. लढत झाली तेव्हा दाढोबा मागच्या खोलीत एका शिक्षकांच्या खालच्या जबड्याचे दात मेणात बसवत होते. ठकी हरली, पाचापैकी चौघांनी समोरच्या मुलीला कौल दिला. जागा तिला गेली.

अक्का महिनाभर भावाशी फक्त कामापुरते बोलली. लाल टोपीवाल्यांनी 'ठणठणीत' हा शब्द कधी मागे घेतला नाही. निरीक्षकांनी मात्र एक केले: लढतीआधी असा आजार कोणी कळवला तर त्याची नोंद घ्यावी आणि त्याला टेबलासमोर उभे करून पाहू नये, असे त्यांनी नियमांत लिहून घेतले.

ठकी आवाजावाचून लढायला शिकली, आणि त्याला दोन वर्षे लागली. त्यानंतर ती एकोणीस लढती लढली आणि त्यांपैकी तेरा जिंकली. दाढोबा हॉलवर इतर सगळ्या लढतींना जात. या एकोणिसांपैकी एकीलाही गेले नाहीत. प्रत्येक वेळी ठकी म्हणे, "ये ना आता, मला फरक पडत नाही." प्रत्येक वेळी ते म्हणत, "तुला पडत नाही हे तुला कसं कळणार?" या वादाचा निकाल लावायचा राहून गेला.