पुलाखालचे टेकू

जोहे गावातल्या आमच्या कारखान्यात गणपतीचा हात साच्यातून निघाला की आधी त्याला टेकू द्यायचा, मग बाकीचं. ओलं प्लास्टर अधांतरी राहत नाही, अशी बाबांची पक्की समजूत. माणसांबद्दलही त्यांचं तेच मत होतं. त्यामुळे भावाने आखणीचा कुंचला खाली ठेवून बोटीवरची नोकरी धरली, तेव्हा ते त्याच्याशी बोलेनासे झाले. डोळ्यांची आखणी गावात त्याच्यासारखी कुणाला जमत नसे. पुढे दोन वर्षं ती बाबांनीच केली. हात थरथरायचा. त्या दोन वर्षांचे गणपती जरा दचकलेलेच दिसायचे.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात त्याचं जपानहून कार्ड आलं. चित्रात समुद्रातली बेटं जोडणारा लांबच लांब झुलता पूल होता. मागे लिहिलं होतं, 'काल आमची बोट याच्याखालून गेली. गणपतीआधी सुट्टी मिळतेय. बाबा म्हणाले तरच घरी येतो.'

आई रोज विचारायची. बाबा रोज 'बघू' म्हणायचे. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

मूर्ती सांगायला आलेल्या पेणच्या मंडळाला मात्र ते कार्ड फार आवडलं. देखाव्याला हाच पूल हवा, म्हणाले. बाबा आठ दिवस त्यावर खपले. दोन मनोरे, सुतळीचे दोर, प्लास्टरचा रस्ता; आणि रस्त्याखाली सहा टेकू, समुद्राच्या निळ्या रंगात रंगवलेले.

"बाबा, हा पूल वरून टांगलेला असतो," मी म्हटलं.

"जपानात असंल."

आई चहा घेऊन आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. "सगले खांबच खांब हायत. पोराची बोट जायची कुठून?"

 बाबांचा चहा तसाच राहिला. मला त्यांचा भयंकर राग आला होता; तो मी सोंडा घासण्यात काढला.

दुपारी त्यांनी सगळे दोर ताणून पुन्हा बांधले आणि एकेक टेकू काढायला घेतला. शेवटच्याला हात घालताना त्यांनी डोळे मिटून घेतले. रस्ता थोडा खाली आला, मधोमध बारीक तडा गेला, पण राहिला.

तडा लिंपायला मी प्लास्टर कालवू लागले. बाबा हात पुसत म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे गो. आधी त्याला लिव. यंदा आखणीला मानूस नाय. ये म्हनावं."