राणी कलरची कुंची

आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात एक कुंची आली आणि सासूबाईंची नोकरी गेली.

कुंची म्हणजे तीच, तान्ह्या बाळाला घालतात ती; डोकं, कान, मान सगळं झाकणारी. फरक इतकाच की ही कुंची बाळासाठी नव्हती, माझ्या सासूसाठी होती (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात), आणि ती मी स्वतःच्या हातानं क्रोशानं विणली होती. नोकरी म्हणजे हौशीची धार काढायची. हौशी आमची म्हैस. आमच्या भाजे गावात म्हशी पुष्कळ आहेत, पण हिच्याइतकी नाटकी एक नाही. आत्यांशिवाय कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, नाहीतर सरळ लाथ! त्यामुळे आत्यांना कुणाच्या लग्नाला मुक्काम करता येत नसे, की बहिणीकडे चार दिवस राहता येत नसे. "मला मेलीला मरायलाबी सवड न्हाई. मी गेल्यावर हौशीची धार कोण काढंल?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या तक्रार करतात. त्या मिरवत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मी लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. डिसेंबरात शहरातले लोक मुद्दाम थंडी खायला येतात आणि आल्याआल्या हीटर मागतात. अशीच एक बाई टोपी आणि गळपट्टा एकातच असलेलं लोकरीचं काहीतरी घालून काउंटरवर उभी राहिली, आणि मला आत्यांचा खोकला आठवला. पहाटे गोठ्यात जाताना त्या नुसता पदर डोक्यावरून घ्यायच्या आणि परत येईपर्यंत खोकून खोकून बेजार व्हायच्या. डॉक्टर 'कान झाका, कान झाका' सांगून थकले होते. मी त्याच दिवशी लोकर आणली. दुकानात जाड लोकर एकाच रंगात शिल्लक होती, राणी कलर. रंगाचं काय एवढं, असं म्हणून मी ती घेतली.

क्रोशा मी मोबाइलवर शिकले. मोबाइलमधली बाई गोड आवाजात 'आता इथे एक खांब घालूया' (खांब म्हणजे उभा टाका) म्हणायची आणि मी खांब घालत सुटायचे. इतके खांब एक्सप्रेस-वेच्या पुलालाही नसतील! पहिली कुंची तयार झाली तेव्हा आमच्या ह्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही कुणाला?"

"आईंना तुमच्या."

"मला वाटलं, गॅसच्या सिलिंडरला."

मी ती उसवली, दातओठ खात परत विणली, आणि शेवटी माणसाच्या डोक्याला बसेल अशी झाली. आत्यांनी ती हातात घेतली आणि बघतच राहिल्या.

"अगं सुरेखा, ह्या वयात मला कुंची? लोकं म्हंतील, म्हातारीला पाळण्यात घालायचं ऱ्हायलंय."

असं म्हणत त्या आरशापुढे गेल्या, डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं, आणि शेजारच्या शांतामावशींना दाखवायला जाऊन चांगला तासभर परत आल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी लगेच दुसरी कुंची मनात विणायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या कुंची घालून गोठ्यात गेल्या. हौशीनं वळून पाहिलं. गुलाबी डोकं, डोळे तेवढे दिसतायत, आणि आवाज मात्र आत्यांचा! आत्यांची सवय अशी की धार काढताना कपाळ म्हशीच्या पोटाला टेकायचं. ती लोकर पोटाला लागली मात्र, हौशीनं बादली उडवली, दावं तोडलं आणि सरळ रस्त्यावर! मागे आत्या, त्यांच्या मागे आमचे हे, ह्यांच्या मागे मी. नेमका रविवार. लोहगडाला निघालेल्या पोरांची झुंड समोरून येत होती.

"ओ मावशी, थांबा ना, एक फोटो! काय भारी दिसताय!"

"आदी म्हस धर मुडद्या, मग फोटू काड!"

पोरांनी म्हैस धरली नाही. फोटो मात्र काढला. पळणारी म्हैस, पळणारी गुलाबी कुंची आणि मागे मॅक्सीवर स्वेटर घातलेली मी. तो फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर माझ्या चुलत नणंदेनं टाकला, म्हणजे कुठवर पोचला असेल बघा!

आमचे हे म्हणाले, "आई, ठेव ती कुंची पेटीत." पण आत्या ऐकेनात. "पोरीनं डोळं फोडून केलीय. मी घालनार. म्हशीला कळंल हळूहळू." आणि खरंच रोज कुंची घालून त्या जायच्या, हौशीला चुचकारायच्या, शिव्या द्यायच्या, पेंडीचा घास भरवायच्या. होता होता हौशीला कुंची पटली. खोकलाही बसला. मी हॉटेलात सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या आत्यांचा खोकला औषधानं नाही, माझ्या हातानं गेला.

इथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं!

पण नवलाख उंबरे गावात आत्यांची बहीण मोरीत घसरून पडली, पाय मोडला. आत्या चांगली शाल पांघरून सकाळीच गेल्या, "सांजच्या धारंला येते" म्हणून. बहिणीनं रडून रडून त्यांना ठेवून घेतलं. इकडे संध्याकाळ झाली, हौशी ओरडायला लागली, रेडकू ओरडायला लागलं. आमच्या ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं की म्हशीला फसवायचं तर बाईचं लुगडं नेसून बसावं. ते आईचं पातळ गुंडाळून गोठ्यात शिरले. हौशीनं एकदा पाहिलं, आणि हे पातळासकट शेणात!

"तू जा आता," गोठ्याच्या दारातच चोळामोळा झालेलं पातळ सोडत ते म्हणाले. "तुझ्या माहेरी गाय व्हती ना?"

गाय होती, धार काढता येत होती, पण हौशीची लाथ माहेरच्या गायीला ठाऊक नव्हती. मी कापतच गेले. थंडी मरणाची. खुंटीला आत्यांची कुंची लटकत होती, ती कान गार पडले म्हणून घातली. देवाशपथ सांगते, दुसरा काही हेतू नव्हता. बसले, कपाळ पोटाला टेकलं आणि हौशीनं पान्हा सोडला! बादली भरली!

आम्ही दोघं वेडेच झालो. ह्यांनी सकाळी कुंची घातली, त्यांनाही दूध. शांतामावशींनी "बगू, बगू" करत संध्याकाळी घातली, त्यांनाही दूध. गल्लीतली माणसं बघायला यायला लागली. आणि मग मी ती गोष्ट केली, जिची आठवण आली की आजही जीभ चावावीशी वाटते. मी आत्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "आत्या, तुम्ही निवांत राहा तिकडं! महिनाभर राहा! कुंची घातली की हौशी कुणालाही दूध देते!"



"बरं झालं," आत्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये तसाच. गोठ्याकडे न बघता घरात गेल्या. पहाट झाली तरी उठेनात. मी हलवलं, "आत्या, धारेची वेळ झाली."

"मला कशाला उटवती? कुंचीला पाठीव."

मला आधी हसूच आलं. मग त्या रोज तेच म्हणायला लागल्या आणि हसू आटलं. मी पहाटे धार काढायची, हॉटेलात जायचं, येऊन परत धार. रिसेप्शनवर पाहुणे नाकाला रुमाल लावायला लागले. आमचे हे खूश होते; "आई मोकळी झाली बघ" म्हणायचे. मोकळ्या झालेल्या आत्या ओट्यावर बसून राहायच्या. 'आज हौशी रुसली', 'आज हौशीनं पेंड टाकली' अशा बातम्या आधी चहाबरोबर यायच्या, त्या बंद झाल्या. जेवण निम्म्यावर आलं. शांतामावशी एकदा कौतुकानं म्हणाल्या, "नशीब काडलंस बाई, सुनंनं सुटका केली!" तेव्हा आत्या नुसत्या "व्हय" म्हणाल्या. इतकी वर्षं जी बाई मरायला सवड नाही म्हणत होती, तिला मी सवडच सवड दिली होती. मला फार वाईट वाटलं. चांगलं करायला गेले आणि त्या बाईच्या हातातलं एकुलतं एक तिचं म्हणावं असं काम काढून घेतलं, तेही राणी कलरमध्ये!

एके दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कुंची घेतली, शेवटची गाठ सोडली आणि दोरा ओढला. क्रोशाचं हे फार बरं असतं; घालायला जन्म जातो, उसवायला चहा उकळायचा अवकाश. ओढताना डोळ्यांत पाणी आलं. सगळे खांब पडले. लोकर गुंडाळून मी ज्वारीच्या डब्यात खाली दडपली आणि संध्याकाळी जाहीर केलं, "अगं बाई! कुंची उंदरांनी खाल्ली!"

धारेला मी उघड्या डोक्यानं गेले. हौशीनं मला ओळखच दाखवली नाही. लाथ बसली ती थेट मांडीवर! मी लंगडत आत्यांकडे गेले.

"आत्या, चला ना. नाही देत ती."

"मी येऊन काय करू? तिला आता कुंचीची सव लागलीय. मलाबी न्हाई वळखायची." हीच भीती घेऊन त्या इतके दिवस ओट्यावर बसल्या होत्या, आणि मी समजत होते की त्या रुसल्यात.

शेवटी उठल्या. डोक्यावर पदर, हातात बादली. आम्ही दोघं दाराआड उभे. आत्या बसल्या, कास धुतली, हात लावला. हौशी अंग चोरून उभी. थेंब नाही. आत्यांनी परत हात लावला. नाही. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मला माझ्या क्रोशाच्या सुईसकट पोटात घ्यावं. मग आत्यांनी कपाळ तिच्या पोटाला टेकलं आणि जे बोलायला लागल्या! "सटवे, तुला रेडकू व्हतीस तवा बाटलीनं पाजली मी. ताप आलता तवा हितंच निजले, ह्याच शेणात. आन तू लोकरीच्या चिंधीला भुललीस व्हय गं?" शिव्या संपल्या आणि रडणं सुरू झालं. हौशीनं मान वळवली, आत्यांचा पदर हुंगला. आणि बादलीत धार वाजली. आमचे हे तोंड फिरवून उभे राहिले.

आत्या फेसाळलेली बादली घेऊन माझ्यासमोरून ऐटीत गेल्या. "बगितलंस? मला सवड न्हाई ती न्हाईच!"

पण खोकला परत आला. या हिवाळ्यातही पहाटे तो गोठ्यातून ऐकू येतो, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या प्रत्येक ठसका मोजायचा नाही असं स्वतःला बजावते. दुसरी कुंची विणू का, हे विचारायचं तोंड मला उरलेलं नाही.

परवा आत्या डब्याच्या तळाची ज्वारी काढायला बसल्या होत्या. मला हाक मारली. मांडीवर राणी कलरचा गुंडा.

"सुरेखा, आपल्याकडचं उंदीर लय गुणाचं हायेत गं. खाल्लेली लोकर परत गुंडाळून ठेवत्यात."

त्यांनी गुंडा माझ्या हातात दिला.

"त्यास्नी म्हनावं, औंदा पायमोजं करा. हौशी पायाकडं बगत न्हाई."

मी मोजे केले, एका बैठकीत, मोबाइलमधल्या बाईला न विचारता. उजवा आत्यांना अगदी बरोबर बसतो. डावा आमच्या ह्यांच्या मोटारसायकलच्या सीटला बसवलाय.