धुळ्यात माझ्या नावाने लावलेला नंबर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मी मधे थांबणार नाही. आमच्या अख्ख्या भावकीने मला आठवडाभर डोक्यावर परिणाम झालेला माणूस म्हणून सांभाळलं. आणि त्याची सगळी तयारी कोणी केली? मीच! धरणगावहून धुळ्याला जाऊन, स्वतःच्या पायांनी!

मुळात दुखणं माझं नव्हतंच. माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, मयूरीचं. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज गाडीने जळगावला जाऊन-येऊन करते. उन्हाळ्यापासून तिचं जेवण बिघडलं होतं. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करायचे, ते ताटभर फिरवायचे आणि ताट गुपचूप गुरांपुढे रिकामं करायचं. कधी याच्या अगदी उलट, भरभर खायचं आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायचा. नळाच्या आवाजामागे काय चाललंय ते मला कळायचं. आईला वाटायचं, पोरगी फार स्वच्छ आहे!

मग तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा जिन्यावर चक्कर येऊन बसली होती. "ऊन लागलं," म्हणाली. ढगाळ दिवस होता हो!

आणि मी कोण? एम.एस.डब्ल्यू. झालेला माणूस! जळगावातल्या कॉलेजांमध्ये मानसिक आरोग्यावर पथनाट्यं करतो, डफ वाजवून लोकांना सांगतो की मनाच्या आजाराची लाज बाळगू नका. माझ्याच घरात हे चाललेलं असताना मी गप्प बसू? लगेच कामाला लागलो. तिच्या ताटावर नजर ठेवली. "अर्धीच घेतलीस?" "वरण कुठे गेलं?" बाथरूमबाहेर उभा राहून खोकलो. रोज मोबाइलवर लेख पाठवले. हळूहळू तिने माझ्याशी बोलणंच बंद केलं. त्यावरून मी काय निष्कर्ष काढला? आजार वाढलाय, आता तज्ज्ञच पाहिजे!

पण तज्ज्ञ सापडणं म्हणजे काय सोपं वाटलं तुम्हाला? मोबाइलवर 'जवळचे' म्हणून शोधलं तर पुणं आलं. आणखी जवळचं बघितलं तर एक जिम, एक मूळव्याधीचा दवाखाना आणि एक वजन उतरवून देणारं केंद्र. वजन उतरवून देणारं! घ्या! आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "भूक लागत नाही ना? टॉनिक देतो."

"डॉक्टर, प्रश्न भुकेचा नाही, मनाचा आहे."

"मग लग्नाचं बघा," असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत!

शेवटी एका मित्राने धुळ्यातल्या एका समुपदेशक मॅडमबद्दल सांगितलं. खाण्याशी जोडलेल्या मनाच्या आजारांचंच त्या खास शिकून आल्या होत्या. जळगावात कोणी नसेल का? असेलही. पण जळगावात आमचे पाहुणे गल्लोगल्ली. धुळं म्हणजे दुसरा जिल्हा. तिथे आपल्याला कोण ओळखतंय?

मयूरीला काही न सांगता मी आधी एकटाच नंबर लावायला गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मयूरीचं नाव द्यायचं? बातमी फुटली तर उद्या येणारं प्रत्येक स्थळ 'त्या पोरीला काहीतरी आहे म्हणे' म्हणत परत फिरणार. याच विचाराच्या विरोधात मी डफ वाजवतो बरं का! पण त्या क्षणी डफ कुठल्या कुठे गेला आणि तोंडातून निघालं माझंच नाव. आडनावासकट, गावासकट.

तो मला निरखून बघायला लागला. "धरणगावचे? मग नाना तुमचे कोण?"

"काका!" मी अभिमानाने सांगितलं.

अभिमानाने! विचार करा!

तो नानांच्या साडूचा भाचा निघाला. माझी बस एरंडोलला पोहोचण्याआधी माझं दुखणं धरणगावात पोहोचलं होतं.

मी गल्लीत शिरलो तर आमच्या ओसरीपुढे चपलांचा हा ढीग! इतक्या चपला आमच्याकडे दोनच वेळी दिसतात, लग्न ठरतं तेव्हा, नाहीतर कोणी जातं तेव्हा. मयूरी! पुन्हा चक्कर आली असेल, पडली असेल, आणि मी धुळ्यात नंबर लावत बसलो! धावत आत गेलो. मयूरी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, नीट, दोन्ही पायांवर. आणि घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

नाना उठले. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काय व्हयनं रे पोऱ्या तुले?"

पलीकडे आईने पदर तोंडाला लावला.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? 'मी पेशंट नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कोण? आणि त्या प्रश्नाचं उत्तर तांब्या घेऊन माझ्यासमोर उभं होतं. मी मान खाली घातली. "थोडं... बरं वाटत नाही."

झालं! आमच्याकडे आजारी माणसाला एकटं सोडायची पद्धत नाही. तब्येत बघायला माणसं यायला लागली आणि मोकळ्या हाताने कोणी येईना. कुणी शेवभाजी आणली, कुणी भरीत-पुरी. बसली की आधी माझ्याकडे टक लावायची, मग माझ्या ताटाकडे. नानांनी तर सगळा दोष पोटावर ढकलून निदानच करून टाकलं. "डोकाना काही नही व्हस रे. बठ्ठा पोटना खेळ शे. खाय!"

मी घास उचलला की ओसरी गप्प. घास तोंडात गेला की सुस्कारा. एक पुरी नको म्हटलं तर आई डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "बघा, परत नाही म्हणतोय." बाथरूममध्ये गेलो तरी सुटका नाही. बाहेर आप्पा खोकायचे. "कडी लावू नको रे," म्हणायचे. घास उतरायचा नाही. हा छळ ओळखीचा वाटायला हवा होता, नाही का? पण मला काळजी एकच, मयूरीला धुळ्याला न्यायचं कसं!

एका दुपारी मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. सगळे माझ्याभोवती गोळा झालेले आणि मयूरी मागे चुलीजवळ एकटी बसून जेवत होती. सावकाश. अर्धी भाकरी खाल्ली, ताकही प्यायली. नंतर नळाचा आवाजही आला नाही. तिच्याकडे बघायला कोणाला वेळच नव्हता! मीही बघितलं न बघितलं तोच कुणीतरी माझ्या तोंडात लाडू कोंबला.

धुळ्याचा दिवस जवळ आला तसा मी डाव ठरवला. मयूरीला सोबत आत न्यायचं, दार लावायचं आणि मॅडमना सांगायचं की खरी पेशंट ही आहे. तिला गाठून म्हटलं, "मयू, माझ्याबरोबर आत येशील? एकट्याला धीर होत नाही." आणि मॅडमचं नाव सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "याच मॅडम कशाला?"

"चांगल्या आहेत म्हणतात. येशील ना?"

"दादा, तुला खरंच काही होतंय का रे?"

"हो," मी म्हटलं. डोळ्याला डोळा न भिडवता.

"येते," म्हणाली. ओठ मात्र घट्ट मिटलेले.

नानांची जीप निघाली. पुढे नाना, मागे आप्पा, आई, मी आणि मयूरी. पारोळ्याला आत्या चढली, मांडीवर डबा घेऊन. मला खिडकीशी बसू दिलं नाही, उडी मारली तर! मयूरी माझ्या शेजारी दगडासारखी बसलेली. मला वाटलं हिला कळलं, आता ही दवाखान्याच्या दारातून पळणार. पळाली तर सगळ्यांदेखत हिला ओढत नेऊ? की इथेच रस्त्यात सांगून टाकू? फागणं मागे पडलं, धुळं दिसायला लागलं, तरी माझं काही ठरेना.

काउंटरवर साडूच्या भाच्याने नानांच्या पाया पडून आमचं स्वागत केलं. माझं नाव पुकारलं गेलं. मी मयूरीचं मनगट धरलं आणि आत गेलो. दार लावलं. मॅडमनी बसायला सांगायच्या आत बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, माफ करा, मी पेशंट नाही. पेशंट ही आहे, माझी बहीण. ही जेवत नाही. घरी कोणाला माहीत नाही. हिला मदत घ्यायला लाज वाटते, म्हणून मी हिला खोटं सांगून आणलंय. मयू, रागावू नकोस. सगळं तुझ्यासाठीच..."

मयूरी पळाली नाही. रडलीही नाही. तिने मॅडमकडे बघितलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली,

"मॅडम, हाच तो."

मॅडमनी चष्मा नीट केला. "अच्छा," म्हणाल्या.

मला काही कळेना. "हाच तो म्हणजे?"

"दादा, मी दिवाळीपासून मॅडमकडे जातेय," मयूरी म्हणाली. "दर शनिवारी त्या जळगावला येतात, आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत. मैत्रिणीने सांगितलं होतं. जाते, बोलते, संध्याकाळच्या गाडीने घरी येते."

मी धुळ्याला पळालो, जळगावात पाहुणे आहेत म्हणून! आणि ही जळगावात, भरदिवसा, पायी!

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? वरण कुठे गेलं एवढंच विचारतोस." मग जरा हळू म्हणाली, "मला वाटलं, तुला खरंच काही झालंय. इथे सगळ्यांदेखत मॅडमनी मला ओळख दिली असती तर? तरी आले. आणि मॅडम, हा आजारी पडल्यामुळे घरातून निघता आलं नाही, माझा शनिवार चुकला. आता थोडा वेळ बसू का?"

मॅडमनी तिच्याकडे खुर्ची सरकवली. मी समोरच्या खुर्चीत बसायला लागलो.

"तुम्ही बाहेर थांबा," मॅडम मला म्हणाल्या. गोड आवाजात, पण म्हणाल्या!

मी बाहेर आलो. बाकावरची सगळी रांग एकदम उभी राहिली.

"झालं? इतक्यात?" आप्पा म्हणाले.

"पोरगी कुठं?" आत्याने विचारलं.

"आत आहे."

"आत काय करी ऱ्हायनी ती?" नानांनी भुवई चढवली. काउंटरवरचा भाचाही कान टवकारून पुढे झुकला.

नवीन खोटं रचायला डोक्यात काही उरलंच नव्हतं. खरं तेच सांगितलं.

"माझ्याबद्दल सांगतेय."

आईने डोळे पुसले. "सांगू दे," म्हणाली. "तुला काय झालंय ते तिच्याइतकं कोणाला माहीत?"